मुदगडची माती, पुण्याची तालीम

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावाने पाऊणशे वर्षांत तीन जिल्हे पाहिले. १९५० साली हरिश्चंद्र बिराजदार तिथे जन्मले तेव्हा निजामाची राजवट जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती आणि निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. लातूर जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२मध्ये. म्हणजे बिराजदारांनी महाराष्ट्र केसरीचा किताब घेतला, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, रुस्तुम-ए-हिंद झाले, दिल्लीच्या सतपालला हरवले, हे सगळे लातूर जिल्हा कागदावर येण्याच्या आधीचे आहे. तरीही आज जिल्ह्यातल्या कुठल्याही फडावर कुस्तीची गोष्ट निघाली की पहिले नाव त्यांचेच निघते आणि ते ‘मामा’ या एका शब्दाने निघते.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापनेचे साल, नोंदणी क्रमांक, अध्यक्षांची यादी आणि इमारतीचा फोटो, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. लातूर–नांदेडच्या कुस्तीला ही रीत लावू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. आपल्या भागातल्या मल्लांची खरी संस्था पुण्यात उभी राहिली आणि ती एका माणसाभोवती उभी राहिली. नाव मिळवलेला पैलवान लढायचा थांबला, गावी जाऊन सत्कार घेत बसला नाही, दुसऱ्याच्या पोरांना घडवायला तालमीत उभा राहिला. त्या एका निर्णयाचे पुढे काय काय झाले, ते नीट नोंदवून ठेवावे म्हणून हा लेख.

आधी आपल्या मुलखातली कुस्ती कशी होती ते सांगायला हवे. ती यात्रेत होती. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथे फड होतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, लावणीचे फड आणि कुस्त्यांची दंगल यांसाठी ती दूरदूर ओळखली जाते. माळेगाव नांदेड–लातूर रस्त्यावरच असल्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचे पैलवान तिथे समोरासमोर येतात. दुपारी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. मग रेवड्यांवरून दहा–वीस रुपयांवर, तिथून शेकड्यांवर, असा आकडा चढत जातो आणि दिवस कलताना शेवटची नेमलेली जोड लागते. हलगीचा ताल बदलतो, कडेला बसलेली म्हातारी माणसे उठून उभी राहतात. जोड बरोबरीची नसली तर पंचांना तिथल्या तिथे ऐकून घ्यावे लागते. माळेगावच्या प्रेक्षकाइतका जाणता प्रेक्षक मोठ्या शहरांतल्या बंदिस्त सभागृहांतही मिळायचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

पण यात्रा वर्षातून एकदा. पैलवान घडायला रोजची तालीम लागते, आणि तालमीला आश्रय लागतो. कोल्हापूरला शाहू महाराजांनी तो दिला. १९१२मध्ये खासबागचे मैदान झाले, पेठापेठांतल्या तालमींना राजाचा हात मिळाला, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे देशभर गेली. निजामाच्या राज्यात शौक होता, हैदराबादच्या बारकस भागातले अरब पैलवान नावाजलेले होते. पण तो शौक राजधानीभोवती राहिला. निलंगा, कंधार, मुखेड, अहमदपूर या तालुक्यांपर्यंत त्यातले फारसे काही पोचले नाही. गावात हनुमानाच्या देवळामागे पत्र्याची खोली, त्यात चार मुद्गल आणि एक आरसा, एवढ्यावर पोरे मेहनत करायची. त्यात आपली जमीन काळी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पडले की अंगाला चिकटते, सुकली की दगड होते. कुस्तीला लागते ती तांबडी, भुसभुशीत माती, आणि ती बहुतेक गावांना गाडीने आणावी लागायची.

त्यामुळे ज्याच्यात काही दम दिसला तो पोरगा पश्चिमेला जायचा. त्या काळी लातूरहून कुर्डुवाडी–पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी होती. लातूरला ती १९११मध्ये आली आणि १९२७मध्ये मिरजेला जोडली गेली. मिरजेहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. याच मार्गाचे रूळ पुढे रुंद झाले आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेचे पाणी घेऊन रेल्वेचे टँकर त्यांवरूनच तहानलेल्या लातूरला आले. आपल्या भागाला काय बाहेरून आणावे लागले आणि काय बाहेर पाठवावे लागले, याची यादी करायची झाली तर त्या रुळांपासूनच सुरुवात करावी.

बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाले. कोल्हापूरच्या तालमीत बाहेरगावच्या पोराला जागा मिळवायला नुसती ताकद पुरत नाही. पहाटे हौदा खणायला पहिला उतरणारा तोच असावा लागतो, मोठ्या पैलवानांच्या अंगाखाली महिनोन्‌महिने दबून राहावे लागते, आणि खुराकाचा खर्च गावाकडून नियमित यावा लागतो. दूध, तूप, बदाम यांचा महिन्याचा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात सहजी बसत नाही. मराठवाड्यात कित्येक गावांनी आपला पैलवान वर्गणी काढून पोसला आहे. पैलवान जिंकला की गाव मिरवणूक काढते ती त्यामुळेच. त्या विजयात प्रत्येक घराचा वाटा असतो.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६१मध्ये, परिषदेच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरीची पहिली कुस्ती झाली. ती औरंगाबादला झाली, हे आपण मराठवाड्याच्या लोकांनी विसरू नये. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. नंतर धुळे, सातारा, अमरावती, नाशिक, जळगाव, खामगाव, अलिबाग असे फिरत फिरत अधिवेशन १९६९मध्ये लातूरला आले.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. गंजगोलाईची बाजारपेठ, आडत, डाळीचा आणि तेलबियांचा व्यापार ही त्याची ओळख. अशा गावात राज्यभरातले मल्ल उतरले, आणि किताब कोणी घेतला, तर निलंगा तालुक्यातल्या, अजून विशीही न गाठलेल्या पोराने. हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी झाले. त्याआधीची दोन वर्षे हा मान चंबा मुतनाळकडे होता आणि पुढची दोन वर्षे तो कोल्हापूरच्या दादू चौगुल्यांकडे गेला. या दोन दांडग्या नावांच्या मध्ये एका वर्षापुरते आपले नाव लिहिलेले आहे. पण ते लातूरच्या मातीत, लातूरच्या लोकांसमोर लिहिले गेले. त्या वर्षानंतर आपल्या भागात आई-बापांनी मुलगा तालमीत घालण्यातला भाव बदलला, असे जुनी माणसे सांगतात आणि ते पटते. घरचा माणूस जिंकताना डोळ्यांनी पाहिलेला असला की पुढच्या पोराला कोल्हापूरला धाडताना बापाचा हात आखडत नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै १९७०मध्ये, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारताने तिथे एकूण पाच सुवर्णपदके मिळवली आणि ती पाचही कुस्तीतली होती. त्यांतले एक बिराजदारांचे. सांगलीकडच्या कवठेपिरानचे मारुती माने त्याच संघात होते. त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात रौप्य घेतले. मातीत वाढलेला विशीचा पोरगा, पायात बूट घालून गादीवर उतरला, आणि पदक घेऊन आला, हे आज ऐकायला साधे वाटते. ते किती अवघड होते हे समजायला माती आणि गादी यांतला फरक माहीत असावा लागतो.

मातीतली कुस्ती निकाली असते. समोरच्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत संपत नाही, म्हणून तिथे दम राखून लढायची सवय लागते. अंगाला घाम सुटला की मूठभर माती घेऊन चोळली म्हणजे पकड बसते. पाय मातीत रुततात, त्यामुळे उभे राहण्याची ढब वेगळी. गादीवर यातले काहीच नाही. घामाने हात निसटतो, वेळ घड्याळाने मोजला जातो, कडेच्या वर्तुळाबाहेर पाय गेला तरी गुण जातो. पाठ न लागता, नुसता ताबा घेतला तरी गुण मिळतो. मातीतला कसलेला मल्ल गादीवर पहिल्या मिनिटाला अंदाज घेत राहतो आणि तेवढ्यात गुणफलक त्याच्या विरोधात गेलेला असतो. आपल्याकडचे किती तरी चांगले मल्ल या एका सवयीपायी मागे राहिले. बिराजदारांना हा फरक स्वतःच्या अंगावर शिकायला मिळाला, आणि माझ्या मते त्यांच्या वस्तादकीचे सगळे मूळ एडिंबरोच्या त्या गादीत आहे.

सत्तरच्या दशकात त्यांची दिल्लीच्या सतपालशी झालेली कुस्ती मात्र अजून महाराष्ट्रात फडाफडांवर सांगितली जाते. सतपाल म्हणजे गुरू हनुमानांच्या आखाड्याचा पहिल्या नंबरचा पठ्ठा. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने पुढे सुवर्णपदक घेतले. १९७६मध्ये खासबागला युवराज पाटलांनी सतपालला हरवले होते आणि सगळे कोल्हापूर रस्त्यावर आले होते. बिराजदारांनीही याच सतपालला हरवले, आणि उत्तरेचा हा पहाड मराठवाड्याच्या माणसालाही हलवता येतो हे दिसले.

या दोघांची गोष्ट तिथे थांबत नाही, आणि मला तर पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. दोघांनीही लंगोट उतरवल्यावर तालीम सोडली नाही. सतपाल दिल्लीत छत्रसाल स्टेडियमवर मुलांना शिकवू लागले. त्यांच्या हाताखालून सुशील कुमार घडला, ज्याने २००८ आणि २०१२च्या ऑलिंपिकमध्ये लागोपाठ पदके आणली. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत उभे राहिले. एकाला राजधानीतले सरकारी स्टेडियम मिळाले, गाद्या मिळाल्या, शासनाची साथ मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला शहराच्या जुन्या वस्तीतली एक तालीम आली. मैदानावर ज्यांनी एकमेकांशी टक्कर घेतली, त्यांच्या शिष्यांना पुढे देशाच्या एकाच संघात जागा मिळवायची होती. ही दुसरी कुस्ती बरीच वर्षे चालली आणि तीत बिराजदारांना वजनाची सूट मिळालेली नव्हती.

पुण्यातल्या जुन्या तालमीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पोरे आधी पळून येतात. मग दोघे–तिघे फावडी घेऊन हौद्यात उतरतात आणि काल तुडवून घट्ट झालेली माती उकरून सैल करतात. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घातलेला असतो. खरचटले तर चिघळू नये, अंग फुटू नये, वास येऊ नये म्हणून. माती हाताला ओलसर लागली पाहिजे पण मुठीत दाबली तर गोळा होऊ नये, एवढा तिचा अंदाज जुन्या पोरांना असतो. हनुमानाच्या तसबिरीला उदबत्ती लागते, आणि जोर, बैठका, सपाट्या सुरू होतात. त्यानंतर लढती. वस्ताद एका कडेला बसलेला असतो. तो फार बोलत नाही. कोण कोणाशी लढणार हे त्याने आधीच ठरवलेले असते, आणि तालमीतली खरी विद्या या जोड लावण्यात आहे. घिस्सा चांगला मारणाऱ्या पोराला रोज अशा भिडूसमोर उभे करायचे की ज्याच्यावर घिस्सा चालत नाही, म्हणजे त्याला एकेरी पट शिकावाच लागतो. हरून हरून खचलेल्याला मधूनच एक सोपी जोड द्यायची. दोन भावकीतले, दोन गावांतले वैर तालमीत आले असेल तर त्यांना एकाच खोलीत झोपायला लावायचे. डाव पुस्तकातही सापडतात; कोणत्या पोराला कोणता डाव कधी द्यायचा ते वस्तादाकडेच असते.

मामांनी घेतलेला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय वजनाबाबतचा होता. आपल्या फडांवर मान आणि मोठी इनामे भारी वजनाच्या पैलवानाला. पन्नास–पंचावन्न किलोचा पोरगा कितीही चपळ असला तरी त्याची कुस्ती दुपारी उन्हात लागून जाते, शेवटची कुस्ती त्याची नसते. त्यामुळे हलक्या अंगाची पोरे एक तर खाऊन खाऊन वजन वाढवायच्या मागे लागायची, नाही तर कुस्ती सोडायची. बिराजदार स्वतः जड अंगाचे, केसरीच्या परंपरेतले. पण जगातली स्पर्धा वजनगटांची आहे हे ते एडिंबरोला पाहून आले होते. त्यांनी हलकी पोरे हलकीच ठेवली आणि त्यांना वेगावर, पटावर, गादीच्या नियमांवर तयार केले. कोरडवाहू घरात वाढलेल्या मराठवाड्याच्या मुलांसाठी हा निर्णय फार मोठा होता. त्यांची अंगकाठीच तशी. जे अंग फडावर कमी पडत होते तेच अंग देशासाठी कामी आले.

त्यांच्या या शाखेतले पहिले मोठे नाव काका पवार यांचे. लातूर तालुक्यातल्या साई गावचे, हलक्या वजनगटातले. १९९८मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मुदगड आणि साई एकाच जिल्ह्यातली गावे. पण त्यांची गाठ पुण्यातच पडायची होती, कारण शिकवणारा तिथे होता. आपल्या भागाच्या पैलवानांना पुण्यात गेल्यावर पहिल्या रात्री कुठे टेकायचे, बोलीला कोण हसणार नाही, घरून मनिऑर्डर यायला उशीर झाला तर कोण सांभाळून घेईल, या प्रश्नांचे उत्तर त्या काळात गोकुळ वस्ताद तालीम हे झाले होते.

दुसरे नाव राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून तो लहानपणीच मामांकडे आला. २००८मध्ये पुण्यातच झालेल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले. मे २०११मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५५ किलो गटात त्याला कांस्य मिळाले. ते पदक मामांनी पाहिले. चारच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०११ रोजी, हरिश्चंद्र बिराजदारांचे निधन झाले. वय अवघे एकसष्ट.

शासनाने त्यांना २००६मध्ये ध्यानचंद पुरस्कार दिला होता. एडिंबरोच्या सुवर्णपदकाला तेव्हा छत्तीस वर्षे होऊन गेली होती. देशाच्या कुस्तीच्या इतिहासातल्या त्या सुवर्णपदकाची दखल यापेक्षा पुष्कळ आधी घेता आली असती, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

तालीम एका माणसावर उभी असली की तो गेल्यावर काय होते, हे आपण किती तरी गावांत पाहिले आहे. कुलूप लागते, हौद्यात गवत उगवते, जागेवर वाद सुरू होतात. मामांच्या माघारी तसे झाले नाही. राहुलला काका पवारांनी आपल्याकडे घेतले. काकांनी पुण्यात कात्रजकडे आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभे केले होते. मातीचा हौदा आणि गादी दोन्ही, आणि राहायची सोय. गुरुबंधूने गुरूच्या पोराची जबाबदारी घेतली. संस्थेचा इतिहास म्हणून जर एखादा दिवस ठळक अक्षरांत छापायचा असेल तर तो हा. घटना, नियमावली, ठराव यांतले काही त्यामागे नव्हते. एका वस्तादाने घातलेले वळण होते, आणि ते टिकले.

राहुलची पुढची काही वर्षे सोपी गेली नाहीत. ऑलिंपिकची संधी त्याला मिळाली नाही. पण १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असे हरवले. मातीच्या कुस्तीत या आकड्यांना काही अर्थ नसतो. गादीवर मात्र पंधरा गुण म्हणजे सहा मिनिटांत पुन्हा पुन्हा आत शिरणे, पुन्हा पुन्हा जोखीम घेणे. सात गुण गेले तरी तो मागे सरला नाही. पदक त्याने दिवंगत गुरूला अर्पण केले. एडिंबरोच्या सुवर्णाला त्या वर्षी अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. त्याच स्पर्धेचे सुवर्ण आधी गुरूच्या आणि मग शिष्याच्या गळ्यात पडले. पुढच्या वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतानच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्य घेतले, आणि २०२०मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणखी एक कुस्ती इथे सविस्तर सांगायला हवी. ७ जानेवारी २०२०, पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके वर आला होता, गादी विभागातून नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. एकाच संकुलात रोज पहाटे एकमेकांच्या अंगावर मेहनत केलेली पोरे, एकमेकांचा श्वास कुठे कमी पडतो ते जाणणारी. अशी कुस्ती बाहेरून संथ दिसते. हात घातला जातो आणि लगेच सोडवला जातो, कारण पुढचा डाव समोरच्याला आधीच ठाऊक असतो. प्रेक्षक ओरडत राहतात आणि दोघे मान धरून गोल फिरत राहतात. निकाल अगदी अखेरीस लागला. सदगीर ३–२ असा जिंकला. जिंकल्यावर त्याने शेळकेला उचलून खांद्यावर घेतले आणि मैदानभर मिरवले. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी राज्यभर छापून आले. लातूरला किताब थोडक्यात हुकला, याची चुटपुट आहेच. पण त्या वर्षी महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वस्तादाचे शिष्य होते, तो वस्ताद लातूरचा होता, आणि त्याचा वस्तादही लातूरचाच, ही गोष्ट आपल्या भागाच्या क्रीडा इतिहासात कायमची नोंदून ठेवण्यासारखी आहे.

आता इकडचे पाहू. नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयीन मल्लांना आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आपला स्वतःचा संघ मिळाला. त्याआधी ही मुले औरंगाबादच्या विद्यापीठाच्या निवडचाचणीत धडकायची. जिल्ह्यांत क्रीडा संकुले झाली, काही तालुक्यांत गाद्या आल्या. तरी आजही निलंगा, मुखेड, कंधारचा चांगला पोरगा चौदा–पंधराव्या वर्षी पुण्याच्या गाडीत बसतो. गादी विकत आणता येते, शेड बांधता येते. तिच्या कडेला बारा महिने बसणारा वस्ताद पगाराविना किती दिवस बसेल? मामांनी आणि काकांनी पुण्यात जे केले त्यात त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची वर्षे गेली. आपल्या जिल्ह्यांत जे माजी मल्ल शेती सांभाळून दोन वेळा तालमीत जातात त्यांना नियमित मानधन मिळाल्याशिवाय ही शाखा इकडे रुजणार नाही. जिल्हा परिषदा माळेगावच्या दंगलीच्या इनामांसाठी तरतूद करतात तशी वस्तादांसाठीही करू शकतात.

मुलींचा प्रश्न त्याहून तातडीचा आहे. बिराजदारांच्या काळात तालमीचा उंबरा बाईने ओलांडायचा नाही अशी रीत होती. ती आता मोडली आहे. मार्च २०२३मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी ठरली. आपल्या यात्रांच्या फडांवरही मुलींच्या कुस्त्या लागू लागल्या आहेत आणि त्यांना गर्दी होते. मुलाला पुण्याला धाडणारा बाप मुलीला तितक्या सहज धाडत नाही; तिच्यासाठी सोय तालुक्याच्या गावीच हवी, राहण्याची खोली सुरक्षित हवी आणि शिकवायला बाई असेल तर उत्तम. आज ज्या मुली शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत आपल्या भागाकडून लढत आहेत, त्या चार–पाच वर्षांनी लढायच्या थांबतील. त्यांच्यातल्या दोघी–तिघींना तरी लातूर आणि नांदेडमध्येच प्रशिक्षक म्हणून जागा देण्याची तयारी आपण आजपासून करायला हवी.